कानाला गोड लागणारे इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेतला सर्वांत सुंदर शब्द कोणता, हा प्रश्न मी काही वर्षांपूर्वी आमच्या हायस्कुलातल्या दहावीच्या वर्गाला घातला होता. घालण्यापूर्वी उत्तरही फळ्यावर लिहून ठेवले होते. मास्तरांची ही खोड जुनी आहे. फळ्यावर दहा शब्द होते : डॉन, हश, ललबाय, मर्मरिंग, ट्रँक्विल, मिस्ट, ल्युमिनस, चाइम्स, गोल्डन, मेलडी. यादी माझी नव्हे. विल्फ्रेड फंक या अमेरिकन शब्दकोशकाराने १९३२ साली इंग्रजीतील दहा अतिसुंदर शब्द म्हणून ती प्रसिद्ध केली होती. मुलांनी ती उतरवून घ्यावी, मग आपल्या आवडीचा एक इंग्रजी शब्द निवडावा आणि तो सुंदर का, हे मराठीत पाच ओळींत लिहून आणावे, असा गृहपाठ दिला. गुण पाच. त्या गृहपाठाकडे मला शेवटी वळायचे आहे, कारण हा लेख त्याच्याच ऋणात आहे. आधी याद्यांचा समाचार घेऊ.

फंकची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिच्यावर लुब्ध झालो होतो, हे कबूल करतो. आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि शाळेत रेन-मार्टिनचे व्याकरण. त्या दोहोंतून इंग्रजी शिकलेल्या मुलाला शब्द म्हणजे पाठ करण्याची गोष्ट. तो चघळण्याचीही असू शकते हे उशिरा कळले, त्यामुळे या दहा शब्दांचे अप्रूप वाटले. 'मर्मरिंग' तर मी एकटा असताना दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला. (बायकोने आतून विचारले, काही दुखतेय का.)

पण पुन्हा वाचताना यादीतली एक गोष्ट खुपू लागली. पहाट, शांतता, अंगाई, मंद गुणगुण, निवांतपणा, धुके, तेज, घंटानाद, सोनेरी झाक, सुरावट. दहाही शब्दांचे अर्थ कसे निवडून गोंडस आहेत पाहा. इंग्रजी भाषेत शब्द लाखांनी मोजावे लागतात. त्यांतून केवळ नाद पाहून दहा उचलले असते, तर त्यांत एखादा रोग, एखादी घाण, निदान एखादे अवजार तरी यायला हवे होते. एकही आलेले नाही. म्हणजे कान निवड करीत होता तेव्हा डोळे अर्थाकडे लागले होते. 'मिस्ट'चेच पाहा. इंग्लंडातले धुके असलेला हा शब्द समुद्र ओलांडून जर्मनीत गेला की त्याच उच्चाराने त्याचा अर्थ शेणखत, उकिरडा असा होतो. जर्मन माणसाने यादी केली तर तो 'मिस्ट' हा शब्द घालील काय?

आम्हां सीमाभागातल्या लोकांना हे समजायला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. आमच्या मराठी मुलाने 'मळे' म्हटले की त्याला ऊस आणि भाजीपाला दिसतो. शेजारच्या कानडी घरात जवळजवळ तोच उच्चार पाऊस झाला. दोन्ही घरांत तो शब्द लाडका आहे, आणि ज्येष्ठ कोरडा गेला तर दोन्ही घरांत तो सारख्याच काळजीने उच्चारला जातो. पण नादामुळे तो लाडका आहे असे दोहोंपैकी कुणीही म्हणणार नाही.

अर्थ बाजूला सारून नुसत्या नादाचा कैवार घेणारा सर्वांत प्रामाणिक माणूस म्हणजे टॉल्किन. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक म्हणून जग त्याला ओळखते, पण पेशाने तो ऑक्सफर्डचा भाषाशास्त्राचा प्राध्यापक. १९५५ साली त्याने ऑक्सफर्डला 'इंग्लिश अँड वेल्श' या विषयावर व्याख्यान दिले. त्यात तो म्हणतो की, 'सेलर डोअर' हे दोन शब्द अर्थ आणि स्पेलिंग विसरून ऐकले तर बहुतेक इंग्रजी भाषकांना ते सुंदर वाटतील. आकाशवाचक 'स्काय'पेक्षा सुंदर, आणि खुद्द 'ब्यूटिफुल'पेक्षा तर कितीतरी. सेलर डोअर म्हणजे तळघराचे दार. दारूची पिंपे, कोळसा, बटाटे ठेवण्याची जागा. अर्थात काव्य काही नाही, म्हणून उदाहरण चोख. ही कल्पना टॉल्किनच्याही आधीची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती इंग्रजी लेखकांत फिरते आहे.

मी हे दोन शब्द वर्गात म्हणून दाखवले. मुले गप्प राहिली. एकाने विचारले, "सर, यात काय आहे?" मला राग आला होता, पण चूक माझ्या जिभेची होती. दक्षिण इंग्लंडातला सुशिक्षित माणूस या दोन शब्दांतला एकही 'र' उच्चारत नाही. त्याच्या तोंडी ते 'सेलडॉ' असे काहीतरी, एखाद्या परीकथेतल्या राजकन्येच्या नावासारखे निघते. त्याचा 'ड'ही आपल्या 'ड'सारखा टाळूवर आपटत नाही. आम्ही बेळगावकर 'सेलर डोअर' म्हणतो तेव्हा दोन्ही 'र' खणखणीत वाजतात आणि 'ड' दाराला कडी घातल्यासारखा येतो. बरे, अमेरिकन माणूसही 'र' उच्चारतोच. म्हणजे अटलांटिकच्या दोन काठांवर लोक एकाच शब्दाची स्तुती करीत होते आणि ऐकत होते मात्र दोन वेगळे शब्द!

टॉल्किनच्या त्याच व्याख्यानात त्याच्या मताविरुद्धचा पुरावाही त्यानेच देऊन ठेवला आहे. वेल्श भाषेत आपल्याला असे 'सेलर डोअर' पदोपदी भेटतात, असे तो सांगतो, आणि मग वेल्शची ओढ कशी लागली तेही सांगतो. लहानपणी कोळशाच्या मालगाड्यांच्या डब्यांवर त्याने वेल्श नावे पाहिली, मग स्टेशनांच्या पाट्यांवर पाहिली. पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्या आणि त्यांवरची न कळणारी अक्षरे! रुळांजवळ वाढलेल्या कोणत्याही मुलाला ही अवस्था माहीत असते. तेव्हा टॉल्किनचा शुद्ध नाद म्हणजे सुद्धा एका पोरक्या मुलाचे बालपणच होते. त्याचे वडील तो चार वर्षांचा असताना गेले आणि आई बारा वर्षांचा असताना, हे ध्यानात ठेवून ते व्याख्यान वाचावे.

हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने तपासण्याचा उद्योग डेव्हिड क्रिस्टल या भाषावैज्ञानिकाने १९९५ साली केला. थोड्या गमतीने, पण नेटाने. लोकांनी सुंदर म्हणून निवडलेल्या शब्दांच्या याद्या घेऊन त्यांतले ध्वनी त्याने मोजले. निष्कर्ष असे की तीन वा अधिक उच्चारखंड असावेत, आघात पहिल्यावर असावा, 'ल' असावा, 'म' असावा, स्वर ऱ्हस्व असावेत, इत्यादी. या साऱ्या कसोट्यांना पुरा उतरणारा शब्द त्याला सापडला तो 'ट्रेम्युलस', म्हणजे थरथरता. मोजदाद चोख आहे याबद्दल शंका नाही. पण आधीच अर्थाच्या गाळणीतून गाळून घेतलेल्या शब्दांचे ध्वनी मोजले तर हाती काय येणार? देवळातून बाहेर पडणाऱ्यांच्या कपाळावरचे गंध मोजून गाव धार्मिक ठरवण्यातला हा प्रकार आहे.

मॅक्स बीरबोम या विनोदी इंग्रज निबंधकाराने हे फार पूर्वीच ओळखले होते. रस्त्यांच्या नावांवरील एका निबंधात तो म्हणतो की, 'गाँडोला' हे रोगाचे नाव असते आणि 'स्क्रोफ्युला' हे व्हेनिसमधल्या त्या डौलदार नावेचे, तर दोन्ही शब्दांचा परिणाम बरोबर उलटा झाला असता. स्क्रोफ्युला म्हणजे गंडमाळा. यावर कुणी म्हणेल की हा नुसता कल्पनेचा खेळ. पण असे प्रत्यक्ष घडलेलेही आहे. व्हेरोनाचा वैद्य फ्राकास्तोरो याने १५३० साली लॅटिनमध्ये एक दीर्घकाव्य प्रसिद्ध केले. त्यात एक मेंढपाळ आहे. तो सूर्यदेवाचा कोप ओढवून घेतो आणि एका भयंकर व्याधीचा पहिला बळी ठरतो. त्या मेंढपाळाचे नाव सिफिलस. कवीने ते कानाला रुचेल असेच योजले असणार. लॅटिन गोपकाव्यातल्या नावांची ती परंपराच आहे. त्या नावावरून उपदंशाला 'सिफिलिस' हा शब्द मिळाला. क्रिस्टलच्या कसोट्या लावून पाहा : तीन उच्चारखंड, आघात पहिल्यावर, 'ल' आहे, स्वर ऱ्हस्व. 'म' तेवढा नाही. इतका सुलक्षणी शब्द आजवर कुणाच्या यादीत गेलेला माझ्या तरी वाचनात नाही. वर्गात हे उदाहरण देण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून इथे देतो.

आता घरच्या शास्त्राकडे येऊ. मधुर अक्षरे कोणती हा प्रश्न आपल्याकडे अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने सोडवायला घेतला होता, आणि त्याचे उत्तर वरवर पाहता क्रिस्टलसारखेच आहे. माधुर्याला अनुकूल वर्ण त्याने 'काव्यप्रकाशा'त नेमून दिले आहेत. आपापल्या वर्गातील अनुनासिकाशी जोडलेले स्पर्शवर्ण चालतील, ट-ठ-ड-ढ चालणार नाहीत, 'र' आणि 'ण' ऱ्हस्व स्वरासह चालतील, समास नसावेत किंवा बेताचे असावेत. एम.ए.ला असताना हे मी पाठ केले होते आणि परीक्षेत गुणही मिळवले होते. कळले मात्र नव्हते. कारण मम्मट त्याआधी एक गोष्ट बजावून सांगतो आणि विद्यार्थी नेमकी तीच गाळतात : माधुर्य हा अक्षरांचा गुण नव्हेच, तो रसाचा गुण. शौर्य जसे आत्म्याचे असते, देहाच्या आकाराचे नव्हे, तसे. धिप्पाड माणूस दिसला की लोक 'हा शूर' म्हणून मोकळे होतात; कोमल अक्षरे ऐकून 'हे मधुर' म्हणणाऱ्यांचीही गल्लत तीच. अक्षरे माधुर्य सुचवतात, त्याहून अधिक काही करीत नाहीत. आणि वीर-रौद्र रस असेल तर तीच टणत्कारी अक्षरे योग्य ठरतात. कुठलाही ध्वनी जन्मतः कुरूप नाही. तो चुकीच्या जागी कुरूप होतो. फंकच्या यादीला नऊशे वर्षे आधी दिलेले हे उत्तर आहे.

आपल्या मराठीने तर मम्मटाच्या अक्षरांनाही धाब्यावर बसवले आहे. ट-वर्ग मधुर नाही म्हणावे, तर आपल्याकडे खुद्द 'गोड' या शब्दाच्या शेवटी 'ड' बसलेला. ओढ, लाड, भेट, मिठी, आठवण, ताटातूट. शृंगार आणि करुण यांची आपली सारी मांडामांड त्या निषिद्ध वर्णांवर चालते. 'आठवण' या शब्दाला कर्णकटू म्हणणारा मराठी माणूस मला दाखवा.

पण मम्मट काव्याबद्दल बोलतो, आणि सुटा शब्द म्हणजे काव्य नव्हे, असा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. सुट्या शब्दाला रस कुठला? मला वाटते, तो आवडणाऱ्याच्या आयुष्यातून येतो. हेन्री जेम्सचे उदाहरण घ्या. 'समर आफ्टरनून' हे इंग्रजीतले दोन सर्वांत सुंदर शब्द आहेत असे तो म्हणाल्याची आठवण ईडिथ व्हार्टनने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. या शब्दांचे मराठी करा : उन्हाळ्याची दुपार. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दारे लावून घेतलेली, माठ रिकामा, वीज गेलेली. जेम्स अमेरिकेत जन्मून इंग्लंडात स्थायिक झाला. तिथे वर्षाचे कितीतरी महिने आभाळ शिशासारखे असते आणि उन्हाळ्यात मात्र उजेड जाता जात नाही. हिरवळीवर चहा, लांबलेल्या सावल्या, गप्पा. त्याच्या दोन शब्दांत हे सारे हवामान आहे. ते हवामान वजा केले तर खाली दोन-चार 'न' आणि 'म' उरतात. शिवाय हे त्याचे दत्तक घेतलेले हवामान होते, आणि दत्तक गोष्टींवर जीव अधिक जडतो.

'सेरेंडिपिटी' या शब्दावर इंग्रजांचे असेच प्रेम आहे. शोधायला गेलो एक आणि सापडले दुसरेच, तेही अधिक चांगले, असा त्याचा अर्थ. १७५४ साली होरेस वॉल्पोलने एका पत्रात तो घडवला, सरंदीबच्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून. सरंदीब म्हणजे आपले सिंहलद्वीप, श्रीलंका. इंग्रजीच्या दागिन्यांच्या पेटीत संस्कृत टाकसाळीतले असे एखादे नाणे सापडले की मास्तरला आनंद होतो. पण तो आनंदही गोष्टीचा आहे, नादाचा नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर माझा आवडता इंग्रजी शब्द 'नेव्हरदलेस' आहे. क्रिस्टलच्या हिशेबात तो पहिल्याच फेरीत बाद होईल, कारण आघात शेवटी. आम्हांला इंग्रजी शिकवणारे सर धडा वाचताना या शब्दापाशी थांबत, चष्मा काढीत, वर्गाकडे पाहत आणि मग तो तीन पायऱ्या उतरल्यासारखा उच्चारीत. नायकावर सारी संकटे कोसळून झाली आहेत आणि आता काहीतरी होणार, हे आम्हांला त्या शब्दावरून कळे. 'तथापि' या मराठी प्रतिशब्दाने मला कधी तसा दिलासा दिलेला नाही. दोष 'तथापि'चा नाही. तो मला सरकारी परिपत्रकांतून भेटला.

२००४ साली ब्रिटिश कौन्सिलने आपल्या सत्तराव्या वर्षानिमित्त इंग्रजीतर देशांतल्या लोकांना हाच प्रश्न विचारला. १०२ देशांतून सुमारे ४० हजार लोकांनी मते दिली. पहिला आला 'मदर'. त्यामागून 'पॅशन', 'स्माइल', 'लव्ह', 'इटर्निटी'. सत्तर शब्दांच्या त्या यादीत 'फादर' नाही, यावर तेव्हा बरीच थट्टा झाली. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेले. 'मदर'च्या आधी एक 'स' लावा : 'स्मदर', म्हणजे गुदमरवून मारणे. नाद तोच, एका व्यंजनाची भर. तो यादीत नाही हे सांगायला नको. इंग्रजी ही ज्यांची आईची भाषा नाही त्या लोकांनी तिच्यातला आईसाठीचा शब्द निवडला, यात मला त्या माणसांचा प्रामाणिकपणा दिसतो. फंकसारखा आव त्यांनी आणला नाही. त्याच यादीत 'कांगारू' आहे, 'अंब्रेला' आहे, 'फ्लॅबरगास्टेड' आहे. पहिल्यांदा कानावर पडल्यावर हसू आले असेल, ते वीस वर्षांनीही त्या शब्दाला चिकटून राहिले असेल. इतके कारण पुरे आहे.

आता गृहपाठ. वह्या आल्या तेव्हा बहुतेकांनी फळ्यावरचाच एक शब्द उचलला होता. 'गोल्डन'ला सर्वाधिक मागणी. काहींनी 'सक्सेस' आणि 'कॉम्प्युटर' लिहिले होते, ते पालकांनी सांगितलेले असावेत. एका मुलाने 'वेन्सडे' लिहिला. त्यातला 'डी' कुणीच उच्चारत नाही, तरी तो रोज रांगेत उभा राहतो, म्हणून मला आवडतो, असे त्याचे कारण. यावर मी खूश होऊन वर्गात वाचून दाखवले. आणि एका मुलीने लिहिले होते, 'ट्रान्सफर'. तिचे वडील बागलकोटच्या बाजूला बसवर कंडक्टर होते, पंधरवड्यातून एकदा घरी येत. तिने पाच ओळी लिहिल्या नव्हत्या, दोनच होत्या. बाबांची ट्रान्सफर झाली की ते रोज रात्री घरी जेवायला असतील. आई म्हणते, ट्रान्सफर म्हणू नकोस, दृष्ट लागते, म्हणून मी मनात म्हणते.

मी त्या दोन ओळींखाली लाल शाईने लिहिले : 'अर्थ नको. शब्दाचे सौंदर्य लिहा. पुन्हा करून आणा.'

ही वही मला पुन्हा आठवली ती मम्मटाचे ते प्रकरण यंदा नव्याने वाचताना. मुलगी शाळेतून केव्हाच बाहेर पडली आहे. तिच्या वडिलांची बदली झाली की नाही ते मी तेव्हा विचारले नाही, आणि आता विचारायला ती इथे नाही. गृहपाठ मात्र तिने दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे पुन्हा करून आणला होता. शब्द 'मेलडी'. कारण, तो ऐकायला फार गोड वाटतो. अक्षर नीटनेटके, ओळी मोजून पाच. मी पाचपैकी पाच गुण दिले होते.